हातचा

यंगस्टाउन, ओहायो. फेडरल स्ट्रीटवर एका बेकरीच्या वर
दोन खोल्या, एक हीटर आणि मिस्टर ह्रिंको.
जातीचा स्लोव्हाक. बाप भट्टीत गेला,
म्हणजे आधी कामाला,
आणि मग एकदा खरोखरच.

मी तेव्हा बी.कॉम., सातारा, अंगात उसना कोट.
पहिल्या दिवशी त्याने चाळीस आकड्यांची बेरीज पुढे टाकली
आणि यंत्रावर रुमाल झाकला.
मी मनात करू लागलो, बोटं मिटत, उघडत.
"बोटांवर काय आहे?"
म्हटलं, आमच्याकडे याला हातचा म्हणतात.
तो लिहायचा नसतो.
विसरला तर सगळंच चुकतं.
तो आवाज न करता बराच वेळ हसला.
"म्हणजे मीच की," म्हणाला.

गावाला चौघे ठाऊक होते.
पोरंसुद्धा त्यांच्या गाड्या रंगावरून ओळखायची.
ह्रिंको बसने यायचा. डब्यात कोबी आणि उकडलेला बटाटा.
पेन्सिल चिमटीत मावेनाशी होईपर्यंत झिजवायचा.
न्हाव्याकडे, कँटीनमध्ये, चर्चमागच्या बाकावर
गावभर रोज आकडा लागायचा,
आणि चिल्लर संध्याकाळी पावाच्या पिशव्यांतून वर यायची,
पिठात माखलेली. मी ती फुंकून मोजायचो.

एका सप्टेंबरात पोलादाचा कारखाना बंद पडला.
हजारो माणसं दुपारीच घरी.
मला वाटलं, आता आपलाही धंदा बसला.
त्या आठवड्यात जमा दीडपट झाली.
ह्रिंकोने टोपी काढली, रकमेकडे पाहिलं,
टोपी पुन्हा घातली.

खतावणीत एक खातं होतं, किरकोळ.
दोरा, शाई, फादरना फुलं, न्यायाधीशाच्या मुलीचा पियानो.
चौदा नोव्हेंबरला तिथे पंधराशे डॉलर.
सोळाला सकाळी कार्मेलो पुगाने गाडीला किल्ली दिली.
आमच्याही काचा थरथरल्या. खाली पाव भाजत होते.
मी ते पान त्याच्यापुढे धरलं. बोललो नाही.
त्याने बेरीज वरून खाली केली,
मग खालून वर.
"जुळतेय," म्हणाला.

पुढे दर एक तारखेला
पुगाच्या बायकोच्या नावे कोळसा पडू लागला.
तिच्या घरी गॅस होता.

इथे लिहायला आवडलं असतं की मी नोकरी सोडली.
आणखी आठ वर्षं राहिलो.
घर घेतलं, बायकोला आणलं,
तिला सांगितलं, बेकरीचे हिशेब बघतो.
तसं ते खोटंही नव्हतं.

चौघांपैकी तिघे गाडीत गेले, एक तुरुंगात.
ह्रिंको गेला बिछान्यात, एक्याऐंशीव्या वर्षी,
मोजे घालून.
पेपरात चार ओळी: हिशेबनीस, बोलिंग क्लबचा खजिनदार.
आदल्या आठवड्यात मला किल्ली देऊन म्हणाला होता,
"भट्टी रात्री तीनला सगळ्यात गरम असते."

एकोणीस वह्या. सगळीकडे अक्षर माझं.
तो सांगायचा, मी लिहायचो,
त्याचं नाव कुठेच नाही.
बारावी वही आत सारण्याआधी सहज चाळली.
किरकोळ, एप्रिल: दोरा, फुलं,
वकील, साडेसहाशे.
कुणाचा वकील, मी तेव्हा विचारलं नव्हतं.
त्याच एप्रिलात माझं ग्रीनकार्ड झालं होतं, फी न घेता.
मला इतकी वर्षं वाटत होतं, वकील देवमाणूस.

मी ते पान फाडून ठेवलं नाही.
ठेवायचा विचार आला, एवढंच.
त्या रात्रीचे पाव थोडे करपले,
बेकरीवाल्याने काही विचारलं नाही.

आता नात माझ्या टेबलावर गणितं सोडवते.
इथल्या शाळेत हातचा लिहायला शिकवतात,
आकड्याच्या डोक्यावर, बारीक.
परवा तिने विचारलं, आजोबा, हा नंतर खोडायचा का?
मी चष्मा पुसत बसलो.
मग म्हणालो, नको. राहू दे तिथेच.